मोहिनीचा युवी

"ऐकता का? पोरीले कोनीतरी युवी भेटला!"

सुनंदाबाईंनी सकाळी सकाळी हा बॉम्ब टाकला आणि शालिग्रामभाऊंचा चहा बशीतून थेट धोतरावर सांडला. यावलला चाळीस वर्षं केळी पिकवणारा हा माणूस वादळालाही कधी डगमगला नव्हता. पण मोहिनी पडली एकुलती एक लेक, जळगावला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

"मी कानानं ऐकलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "मैत्रिनीले फोनवर सांगे, 'बारा वाजता युवी लय जोरात असतो. मी एकटीच कॉलेजच्या गच्चीवर जाईन, तोंड बांधून. घरी बोलू नको, आई पाठवनार नही.' माय व! आजपासून तिचं कॉलेज बंद करा!"

मोहिनी तर केव्हाच एसटीनं निघून गेली होती.

"आधी त्याले रंगेहाथ धरतो," भाऊ उठले. "मंग कॉलेजचं पाहू."

मेहुणा पितांबर मोटारसायकल घेऊन हजर झाला. त्यानं भाऊंना नखशिखान्त न्याहाळलं. "दाजी, डोक्याचा रुमाल काढा. त्या पांढऱ्या रुमालानं पोरगी तुम्हाले मैलावरून ओळखीन."

भर मे महिन्यात, जन्मात पहिल्यांदा, भाऊ उघड्या डोक्यानं घराबाहेर पडले.

साडेअकराला दोघं कॉलेजसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर दबा धरून बसले. झाड औषधालाही नव्हतं. बरोबर बाराला मोहिनी गच्चीवर आली. स्कार्फ, गॉगल, हातमोजे. दिसत होतं ते फक्त नाक. तिनं घड्याळ पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली गेली.

"चिठ्ठी लिहिली दाजी!" पितांबर कुजबुजला.

साडेबाराला ती पुन्हा आली. एक वाजता पुन्हा. भाऊंचं टक्कल तव्यासारखं तापलं, पण लेकीच्या काळजीपुढे त्यांना ऊन कसलं सुचतंय!

"कसा येत नही हा?" ते दात-ओठ खात म्हणाले.

"भेकड दिसते. मी जरा रसवंतीवर चौकशी करून येतो," पितांबर म्हणाला. ही त्याची चौथी चौकशी होती.

दीड वाजता मोहिनी पुन्हा वर दिसली आणि भाऊंचा धीर सुटला. तीन जिने धापा टाकत चढून ते गच्चीवर पोचले.

"कुठी आहे तो?"

"बाबा! तुम्ही? आणि रुमाल कुठे तुमचा?"

"रुमाल गेला खड्ड्यात! युवी कुठी आहे?"

मोहिनी चकित झाली. मग ती एकदम खुलली. बाबांना आपल्या अभ्यासात एवढा रस!

"हा काय, तुमच्या डोक्यावर!" तिनं हातातलं यंत्र पुढं केलं. "आज अकरा आहे बाबा, अकरा!"

"अकरा जन?" भाऊ म्हणाले आणि मटकन खाली बसले.

पाणी मारून त्यांना सावलीत नेल्यावर मोहिनीनं सगळा उलगडा केला. यूव्ही म्हणजे उन्हातली कातडी जाळणारी किरणं. दुपारी तीच मोजायची, हा तिचा प्रकल्प; अकरा म्हणजे अतिधोक्याचा आकडा. "केळीच्या घडाले ऊन लागू नये म्हनून पिशवी घालता तुम्ही," ती बाबांचं लालबुंद टक्कल पुसत रागावली, "आन् सोताचं काय?"

पोरगी गुणाची निघाली, या आनंदानं भाऊंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मोहिनी नेहमीच्या एसटीनं कॉलेजात गेली. डोक्याला दही थापून घरात बसले ते भाऊ. दुपारी शेजारच्या दिपमालाबाई ताक मागायला आल्या.

"काय व सुनंदाबाई, भाऊ आज मळ्यात गेले नही?"

आतून भाऊंचा आवाज आला, "चार वाजेपर्यंत बाहेर यूव्ही असतो. मी नही निघत!"

दिपमालाबाईंनी ताकाचं भांडं तिथंच ठेवलं, डोळे विस्फारले आणि सुनंदाबाईंच्या कानाशी लागल्या.

"माय व! कोन हा युवी? भाऊसारखा मानूस घाबरतो त्याले?"