शून्य बाहेर गेलं!

उशांच्या कारखान्यातल्या संख्याशास्त्रज्ञाचा बायकोच्या शब्दापेक्षा आपल्या आकड्यांवर जास्त विश्वास होता. आणि नवी उशी नेमकी बायकोनेच बेतलेली! शिवणविभाग तीच सांभाळायची.

"नवी उशी सरस आहे, हे मी सिद्ध करून दाखवतो!" त्याने मालकीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

चिठ्ठ्या टाकून माणसं दोन दालनांत वाटली. जेवण झाल्यावर जुन्या उशीवर शंभरातले साठ झोपले, नव्या उशीवर बहात्तर.

"बारा टक्के जास्त!" बायको हरखली.

"थांब गं. दुसरी माणसं घेतली की आकडे हलणार. हिशेबाने खरा फरक उणे एक ते पंचवीस टक्के, कुठेही असू शकतो. त्यात शून्यही बसतं."

"शून्य? वर्षभर कापूस पिंजून मी शून्य?"

"अगं, तू नाही, फरक! दोन्ही उशा सारख्या असत्या, तरी निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात सात वेळा दिसली असती. आम्ही पाचच्या वर मानत नाही."

"अहो, दोनासाठी माझी उशी अडवलीत?" बायकोने अबोला धरला.

मालकीणबाई म्हणाल्या, "आणखी एकदा बघा. नाही जमलं, तर ही उशी बंद."

त्याने चौपट माणसं बोलावली. आता तो उणे-अधिकचा पसारा निम्म्यावर येणार होता! जुन्या उशीच्या दालनात हिशेबनीस बसले, नव्या उशीच्या दालनात तो स्वतः.

पडदे ओढलेले. पंखे गुणगुणत होते. चारशे माणसांचे श्वास भरतीच्या लाटांसारखे येत-जात होते. मोजायची वेळ व्हायला थोडा अवकाश होता. त्याचे डोळे जड झाले. आकडे पिसांसारखे छताकडे तरंगू लागले. पंचवीस हलकेच खाली उतरला, उणे एक वर सरकला, आणि मधलं ते गुबगुबीत शून्य, साबणाच्या फुग्यासारखं, डुलत डुलत खिडकीबाहेर गेलं...

"शून्य बाहेर गेलं!" तो आनंदाने किंचाळला. "सिद्ध झालं!"

चारशे माणसं ताडकन उठून बसली.

त्याच क्षणी मोजायची वेळ झाली. पलीकडे हिशेबनिसांनी दोनशे चाळीस झोपलेले मोजले. इकडे एकही नाही.

"या वेळी तरी फरक पक्का ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एकदम पक्का," तो पुटपुटला. "फक्त... उलटा."

बायकोला हसू आवरेना. अबोला तिथेच सुटला. मालकीणबाईंनी तिसऱ्या प्रयोगाला परवानगी दिली, एका अटीवर. त्या दुपारी दालनात कोणीही मोजायला बसलं तरी चालेल, संख्याशास्त्रज्ञाने मात्र फाटकाबाहेर थांबायचं!