प्रॅदर कुटुंबाचं वंचित होणं

आमच्या कॅरोलायनात मूल पाच वर्षांचं झालं की त्याला शाळेत घालतात. पूर्वी यात विशेष काही आहे असं कुणी मानत नसे. घराजवळ जी शाळा असेल तिथे पिवळ्या बसमधून मूल जाई, आणि आईबाप आपापल्या कामाला लागत. मग शिक्षण मंडळाने बंद पडलेल्या कापड गिरणीजवळच्या एका शाळेला नवा रंग दिला, वस्तू छापणारी यंत्रं बसवली, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला व गणित एकत्र शिकवणारी ‘स्टीम मॅग्नेट’, म्हणजे गावभरातून मुलं खेचून घेणारी, शाळा म्हणून तिचं उद्घाटन केलं. विज्ञान, कला आणि गणित बाकीच्या शाळांतही होतंच. पण ते सुटंसुटं शिकवतात, हा अन्याय पालकांच्या तेव्हा एकदम लक्षात आला.

शाळा सरकारी, म्हणजे फुकट आणि सर्वांना खुली. फक्त सर्वांना पुरेल एवढी जागा नव्हती, म्हणून दर मे महिन्यात सोडत निघे. सोडतीत ‘संधीवंचित विभागा’तल्या मुलांना अग्रक्रम होता. गावाच्या दोन्ही अंगांची मुलं एका बाकावर बसावीत, असा त्यामागे उदात्त हेतू होता.

कोरीन प्रॅदरला हा हेतू फार आवडला. ती दातांच्या एका मोठ्या दवाखान्याची व्यवस्था बघायची, नवरा वेंडेल विमा कंपनीत होता, आणि त्यांची मुलगी हेझेल दिवसभर अंगणात गोगलगायी गोळा करायची. अशा मुलीने पुढे अभियंता व्हायचं तर आत्ताच हालचाल करायला हवी होती. कोरीन प्रवेश कक्षात गेली. तिथे मिसेस ट्रुइट नावाच्या बाई बसत.

“पत्ता?” त्यांनी विचारलं. कोरीनने सांगितला. एक्स-रे उजेडाला धरल्यावर डॉक्टरचा होतो तसा ट्रुइटबाईंचा चेहरा झाला. “अरेरे. तुमचा विभाग संधीसंपन्न आहे, मॅडम.”

“पण आम्हाला संधी कुठे मिळतेय?”

“तेच तर. बाकी सगळ्या मिळतात, म्हणून ही मिळत नाही.”

“मग आम्ही करायचं तरी काय?”

“मला काही सुचवता येत नाही. नियमात नाही,” असं म्हणून ट्रुइटबाई भिंतीवरच्या नकाशाकडे टक लावून बघत बसल्या. नकाशात संधीवंचित विभाग निळे होते, आणि गिरणीमागची वस्ती गर्द निळी होती.

“म्हणजे आता आपण गरीब व्हायचं?” वेंडेलने घरी विचारलं.

“गरीब नाही रे. वंचित. गरिबी काय, जाता जात नाही. वंचित आपल्याला मे महिन्यापर्यंतच राहायचंय.”

“आणि खोटा पत्ता दिला म्हणून धरलं तर?”

“खोटा कशाला? मी तत्त्वाने वागणारी बाई आहे. खराच बदलू.”

त्यांनी राहतं घर भाड्याने दिलं आणि गिरणीमागे एका लाकडी घराचा खालचा मजला घेतला. वरच्या मजल्यावर टेरेल गेन्स राहायचा. टायरच्या दुकानात कामाला होता. बायको वारल्यापासून नाया या मुलीला एकटाच सांभाळत होता. पहिल्याच रविवारी तो गरम मॅकरोनी-चीजचं भांडं घेऊन खाली आला.

“तुम्ही इकडे कशा काय, मिस कोरीन? इथून माणसं जातात. आलेलं कुणी बघितलं नाही मी.”

“मुलीच्या शाळेसाठी,” कोरीन म्हणाली.

“त्या यंत्रवाल्या? आमच्या नायालापण तिथेच घालायचंय. ट्रुइटबाई म्हणाल्या, तुम्ही गर्द निळ्यात आहात, बिनघोर राहा.”

“मग दोघी एकत्रच जातील!” कोरीन म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. नायाचा अर्ज तिने स्वतः बसून भरून दिला. मुलींचं तर पहिल्या दिवसापासून जमलं होतं. पायरीखालच्या गोगलगायी ओल्या पाल्यावर जगतात हे नायाने हेझेलला दाखवलं, आणि त्या दोघी शाळेत न जाताच विज्ञान शिकू लागल्या. मंडळाच्या दृष्टीने अर्थात ते ग्राह्य नव्हतं.

पण नकाशा एकट्या कोरीननेच बघितला होता असं नाही. थंडी पडेपर्यंत वस्तीत एक दंतवैद्य आले, दोन वास्तुविशारद आले, विद्यापीठात गरिबी शिकवणारे एक प्राध्यापकही सहकुटुंब आले. कोपऱ्यावरच्या दुकानात महागडं ओटचं दूध मिळू लागलं. सगळेच वंचित व्हायला आले होते, आणि एकमेकांना गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्या दाखवत होते.

मग मंडळाने वार्षिक फेरआढावा घेतला. रहिवाशांचं शिक्षण आणि उत्पन्न यांची सरासरी काढली, ती भलतीच वर गेलेली निघाली. गिरणीमागच्या वस्तीची उन्नती झाल्याचं मंडळाने जाहीर केलं, रहिवाशांचं अभिनंदन केलं, आणि नकाशातला निळा रंग पुसून टाकला.

टेरेल ग्रीसने माखलेल्या हातांनीच प्रवेश कक्षात गेला. कोरीनही बरोबर होती.

“मॅडम, माझा पगार होता तेवढाच आहे,” तो म्हणाला.

“तुमचा आहे हो. पण तुमची सरासरी वाढलीय.”

“कुठे मिळते ती? घरमालकाने भाडं वाढवलंय, त्याला देऊन टाकतो.”

ट्रुइटबाईंना वाईट वाटलं. कार्यालयीन वेळेत वाटावं तेवढं वाटलं. “एक उपाय आहे,” त्या म्हणाल्या. “निष्ठा अग्रक्रम. या शाळेसाठी ज्यांनी गेल्या वर्षभरात घर बदललं, त्यांच्या तळमळीची मंडळाने दखल घेतलीय. मिसेस प्रॅदर, तुम्ही बसता त्यात.”

“आणि मी?” टेरेलने विचारलं.

“तुम्ही कधी राहायला आलात?”

“मी आलोच नाही. माझा जन्मच तिथला.”

“तेच अडतंय, मिस्टर गेन्स. तुमच्यात तळमळ दिसत नाही.”

हेझेलला जागा मिळाली. नाया प्रतीक्षायादीत गेली, इतकी खाली की ट्रुइटबाईंनी क्रमांक सांगायचंही टाळलं. कोरीन त्या दिवशी खरोखर रडली. “मी काहीतरी करीन,” ती टेरेलला म्हणाली. “शब्द देते.”

शाळा सुरू झाली तेव्हा दर्शनी भिंतीवर दुमजली फलक लागला होता. ‘इथे प्रत्येक मूल आपलं’ असं त्यावर लिहिलं होतं, आणि खाली कागदी अग्निबाण उडवून खदखदून हसणारी नाया होती. पालकांना शाळा दाखवण्याच्या दिवशी कुणीतरी टिपलेला तो फोटो. दुसऱ्या शाळेला जाणारी नायाची बस रोज सकाळी त्या फलकासमोरच्या सिग्नलला थांबायची. नाया स्वतःला हात करायची.

“फोटोला सोडत लागत नाही वाटतं,” टेरेल कोरीनला म्हणाला. तो चिडलेला असता तर बरं झालं असतं.

शाळेत एक रिकामी खोली होती. यंत्रांची खोकी ठेवायला वापरत. खोकी हलवली तर पाच वर्षांच्या मुलांचा आणखी एक वर्ग बसेल, असा अर्ज टेरेलने दिला, आणि मंडळाने पालकांची सभा बोलावली. कोरीन पाठिंबा देणार होती. काय बोलायचं ते तिने आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

सभेत मुख्याध्यापिका डॉ. लॅंगस्टन उठल्या. “या प्रस्तावामागची भावना आम्हाला शिरोधार्य आहे,” त्या म्हणाल्या. “मात्र मुलं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला यंत्र कमी वेळ येईल. शिवाय प्रतीक्षायादी हीच आपल्या शाळेची प्रतिष्ठा. उद्या बाहेर कुणी उरलंच नाही, तर आत असण्याला अर्थ काय? निर्णय अर्थात तुमचा. विरोधात कोण?”

एक हात वर गेला. मग गरिबी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा गेला. मग रांगाच्या रांगा वर झाल्या. वेंडेलने आपला हात अर्ध्यावर धरला आणि बायकोकडे बघितलं.

“कमी वेळ म्हणजे किती कमी?” कोरीनने हळूच विचारलं.

“काय माहीत. पण हेझेलचाच जाणार ना?”

टेरेल शेवटच्या रांगेत दुकानाचा निळा सदरा घालून उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, ही त्याची सभ्यता. फक्त या वर्षापुरतं, असं कोरीनने मनाशी ठरवलं. आणि हात वर केला. फार उंच नाही; मोजणाऱ्याला दिसेल इतपत.

हेझेल आता शाळेत गोगलगायीची त्रिमित प्रतिकृती छापते. खरी गोगलगाय वर्गात आणायला परवानगी नाही.

कोरीनला तुम्ही खुशाल नावं ठेवा. आमच्या गावातही ठेवतात, विशेषतः ज्यांची मुलं आत आहेत ते. फक्त त्याआधी एवढं सांगा, तुमच्या घराला सगळ्यात जवळची सरकारी शाळा कुठली, आणि तिथे कुणाची मुलं जातात?