नमुना क्रमांक तीन

कॉलर

तिसऱ्या शर्टावर ओतलेलं पाणी नऊ मिनिटांत वाळलं, तेव्हा सुरांगचा घड्याळावर विश्वास बसेना. तिनं आणखी एक पेला ओतला. घरामागच्या दोरीवर तीन पोलो शर्ट टांगले होते. पहिल्यातून अजून पाणी ठिबकत होतं, दुसरा हाताला दमट लागत होता. खाली तिचा नवरा प्रजुआप बादलीत पाय सोडून बसला होता आणि तासाभरापासून बायकोचा हा उद्योग बघत होता.

"शर्ट घ्यायचाय की जावई करून घ्यायचाय?" त्यानं विचारलं.

"घाम ओढून घेणारं कापड आहे म्हणे. खात्री करून घेतेय."

"मला बघायला आलीस तेव्हा एवढं पाणी ओतलं असतंस तर वाचली असतीस."

"ओतलं की. गेल्या एप्रिलात."

ह्यावर तो हसला, ती हसली नाही. गेल्या एप्रिलात बाजारासमोर कचऱ्याच्या गाडीवरून तो पोत्यासारखा खाली आला होता. बर्फवाल्यानं अख्खी पेटी त्याच्या अंगावर उलटी केली म्हणून तो जिवंत राहिला. डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ह्या उन्हात दुसऱ्यांदा पडला तर बर्फाचा उपयोग होईलच असं नाही. मग त्याचा शर्ट चिमटीत धरून विचारलं होतं, "हे गोणपाट ह्यांना कोणी दिलं?"

 गोणपाट सुरांगनंच दिलं होतं. ती पालिकेची भांडारपाल होती.

यंदा पालिकेत सगळ्यांना नवे पोलो शर्ट मिळणार होते, आणि नियम असा की मुख्याधिकाऱ्यापासून झाडूवाल्यापर्यंत शर्ट एकच: तेच कापड, तोच रंग. नियमाचं नाव होतं समानता. सुरांगनं एवढंच ठरवलं होतं की समानतेच्या नावाखाली तिसऱ्या नमुन्याचं कापड सर्वांच्या गळ्यात घालायचं, म्हणजे ते आपसूक प्रजुआपच्याही गळ्यात पडेल.

दुसऱ्या दिवशी तिनं नमुना क्रमांक तीन गुपचूप त्याच्याच अंगावर चढवला. हातांना ऊन लागू नये म्हणून त्यानं नेहमीसारखे जुन्या मोज्यांचे हातोले चढवले, डोक्याला चौकड्याचा पंचा गुंडाळला, वर नारिंगी जॅकेट. संध्याकाळी घरी आला तो दारातच म्हणाला, "आज दुपारी जेवलो."

"मग रोज काय करतोस?"

"रोज डबा उघडतो, बघतो, बंद करतो. उन्हानं गिळवत नाही."

तिला हे सतरा वर्षांत माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी डबा रिकामा यायचा. भात कुत्री खायची.


माप

एका रकान्यानं घात केला.

दोन वर्षांपूर्वीचे शर्ट हिरवे होते. इथे प्रत्येक जन्मवाराचा एखादा रंग अशुभ मानतात; शनिवारी जन्मलेल्याला हिरवा वर्ज्य. त्या वर्षी शनिवारच्या ड्रायव्हरनं जीप फाटकाच्या खांबावर घातली, आणि शनिवारच्याच एका कारकुनाची सासू दोन दिवसांसाठी म्हणून आली ती अजून गेली नव्हती. दोन्हींचं खापर भांडारपालावर फुटलं. तेव्हा यंदा रंगावरून कटकट नको, चर्चा फक्त कापडावर व्हावी, म्हणून सुरांगनं आधीच कचेरीच्या फोनवरच्या गटात तक्ता टाकला. नाव. माप. आणि शहाणपणा करून तिसरा रकाना: जन्मवार.

मालिवान, लेखा विभाग: गुरुवार. सुरांगताई, मला काळा आणि जांभळा नको हं. माप मधलं लिहा.

ड्रायव्हर: शनिवार. जीपचं बिल अजून कापतायत माझ्या पगारातून, एवढंच सांगतो.

मुख्याधिकारी चलेर्म: सोमवार. लाल नको. लाल तसाही नको, आणि का नको ते गटात लिहायला लावू नका.

(खरंच कोणी लिहिलं नाही. लाल शर्ट आणि पिवळे शर्ट ह्यांच्या राजकारणापायी गावात सख्खे भाऊ एकमेकांकडच्या लग्नाला जात नव्हते.)

जन्मनोंदणीची बाई: मंगळवार. पिवळा आणि पांढरा सोडून काहीही.

पाणीपट्टीवाला: बुधवार. गुलाबी नको. तसा मला आवडतो, पण नको.

आरोग्य निरीक्षक: शुक्रवार, राखाडी नको. माप सगळ्यात मोठं, हसू नये.

नगराध्यक्षा ओरानुच: रविवार.

नगराध्यक्षांनी एवढंच लिहिलं. म्हणजे निळा गेला. नमुना क्रमांक तीन निळा होता.

मालिवान: नारिंगी कोणालाच बाधत नाही बघा.

मुख्याधिकारी चलेर्म: नारिंगी झाडूवाल्यांचं जॅकेट आहे. बाहेरून माणूस आला तर आपल्याला काय समजेल?

त्यावर गटातल्या अठरा जणांनी होकाराचे अंगठे टाकले. बाहेर काम करणारे चाळीस जण गटात नव्हते. त्यांचे वार कोणी विचारले नाहीत. त्यांना कुठलाच रंग बाधत नसावा.


खिसा

(शिवलेला नाही. ठेवण्यासारखं काही नव्हतं.)


कापड

बैठकीच्या खोलीत थंड हवेचं यंत्र बावीस अंशांवर लावलेलं होतं. सगळे जाकिटं घालून बसले होते. नगराध्यक्षांच्या खांद्यावर लोकरी शाल होती. बाहेर एकेचाळीस होतं, पण ते काचेपलीकडे.

सुरांगनं तिन्ही नमुने फिरवले. चलेर्मसाहेबांनी तिसरा गालाला लावून पाहिला आणि झटक्यात दूर केला.

"हा पातळ आहे. ह्यात थंडी वाजेल."

"साहेब, बाहेर एकेचाळीस आहे."

"बाहेर आहे ना. आपण आत बसतो."

"चाळीस माणसं बाहेर असतात, साहेब."

"ती काय, वरून जॅकेट घालतात. आत कुठलं कापड आहे ते दिसतं कुणाला?"

 सुरांगनं समोरचा पेला उचलला. घरी शंभरदा केलेला प्रयोग इथेही करावा, मग बोलायची गरज उरणार नाही, असा तिचा हिशेब होता. तिसरा शर्ट टेबलावर पसरून तिनं छातीवर अर्धा पेला पाणी ओतलं. कापडानं आपलं काम चोख केलं. थेंब एका जागी राहू न देता त्यानं पाणी चारी बाजूंना ओढून नेलं, खांद्यापर्यंत, बाहीपर्यंत, आणि बाहीखाली नगराध्यक्षांची फाईल होती तिच्यापर्यंत.

"अगंबाई," मालिवान म्हणाली आणि पदराआड हसावं तसं जाकिटाच्या कॉलरमध्ये हसली.

"घाम शोषतो म्हणालात," चलेर्मसाहेब फाईल झटकत म्हणाले, "हा तर घाम वाटतोय."

"आता नऊ मिनिटं थांबा," सुरांग म्हणाली. "वाळेल बघा."

सगळे थांबले. पण बावीसच्या थंडीत, बंद खोलीत, ना ऊन ना वारा. नऊ मिनिटं झाली, पंधरा झाली. शर्ट ओलाच.

नगराध्यक्षा वाईट नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सुरांग, कष्ट घेतलेस तू. पण निळा तसाही मला चालत नाही गं. उरलाय कुठला रंग?"

तक्ता पुढे आला. नारिंगी सोडला तर सगळ्यांच्या वारांतून सुटून एकच रंग उरला होता: तपकिरी. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पातळ कापडात तपकिरी कोणी मागत नाही, पण एका कॉफीवाल्यानं मागवून सोडून दिलेला जाड विणीचा माल पडून आहे, अठ्ठावन्न आरामात निघतील. नग हातात येईपर्यंत त्यानं नमुना म्हणून एक चौकोनी तुकडा पाठवला. चलेर्मसाहेबांनी तो गालाला लावला.

"ह्याला म्हणतात कापड," ते म्हणाले. "ऊब आहे."

घरी प्रजुआपनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांना आत थंडी वाजू नये म्हणून मी बाहेर उकडायचं."

"तसं ठरावात नाही लिहिलेलं."

"काय लिहिलंय?"

"'सर्वानुमते' लिहिलंय."

नाकारलेला नमुना दुकानदार परत घेईना. ओला करून दिलेला माल कोण घेणार. तो घरीच राहिला. पुढचा पंधरवडा प्रजुआप रोज रात्री तो धूत होता आणि रोज सकाळी घालत होता. डबा रिकामा येत होता आणि गल्लीतली कुत्री वाळत चालली होती.


शिवण

तपकिरी शर्ट आले त्याच आठवड्यात वरून पत्र आलं: "उन्हापासून जपा" मोहिमेचं उद्घाटन करायला प्रांतपाल येणार. सर्व कर्मचाऱ्यांनी नव्या शर्टात, सकाळी दहा वाजता, पालिकेसमोरच्या पटांगणात रांगेत उभं राहावं. एक रंग, एक रांग. फोटो निघणार होता, म्हणून नारिंगी जॅकेटं आणि पंचे काढून ठेवायचे होते. झाडाखाली उभं राहायचं नाही, कारण झाडाखाली चेहरे काळे येतात.

प्रजुआपनं तपकिरी चढवला आणि नमुना क्रमांक तीन धुऊन स्कूटरच्या टोपलीत टाकला. फोटो झाला की बदलायचा.

प्रांतपालांना उशीर झाला. साडेदहा वाजले. कर्मचारी उभे. चाळीस जण सवयीनं उभे होते, म्हणजे थोडे वाकून, तोंड बंद ठेवून, दर काही मिनिटांनी वजन ह्या पायावरून त्या पायावर टाकत. अठरा जण सवय नसल्यामुळे ताठ उभे होते. अकरा वाजता मालिवान म्हणाली, "सुरांगताई, ह्या कापडात काय घातलंय हो, निखारे?"

"ऊब आहे," सुरांग म्हणाली.

मालिवाननं तिच्याकडे पाहिलं आणि कॉलर ओढून आत फुंकर घातली.

सुरांगची नजर मागच्या रांगेवर होती. प्रजुआपचा चेहरा गेल्या एप्रिलसारखा लाल होत चालला होता. ती त्याला खुणावत होती, सावलीत जा. तो खुणेनं सांगत होता, फोटो. तेवढ्यात पुढच्या रांगेत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

नगराध्यक्षा.

मागच्या रांगेतून प्रजुआप सगळ्यांच्या आधी धावला. ह्या विषयात पालिकेत त्याच्याएवढा अनुभव कोणाला नव्हता. "पाय धरा, पाय. सावलीत. तोंडावर गर्दी करू नका, वारा येऊ द्या." चलेर्मसाहेब त्यांच्या नाकाशी पुदिन्याची हुंगायची नळी धरून "मॅडम, मॅडम" करत होते. प्रजुआपनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फाची पेटी ओढली. आयुष्यात एकदा स्वतःच्याच अंगावर झालेली युक्ती त्याला पाठ होती.

"सुरांग, टोपलीतला शर्ट आण. हा जाडा काढा ह्यांच्या अंगातून."

जीपच्या मागच्या भागात, पडदे ओढून, सुरांग आणि मालिवाननं नगराध्यक्षांच्या अंगातला तपकिरी सोलून काढला. तो पिळला असता तर पेला भरला असता. मग निळा चढवला, वर बर्फाचं पाणी शिंपडलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. दहा मिनिटांत नगराध्यक्षांनी डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे.

"हे काय घातलंय मला?"

सुरांगला जन्मवार आठवला. रविवारच्या बाईच्या अंगात निळा. "मॅडम, माफ करा, दुसरं काही नव्हतं..."

"नाही गं. हलका आहे." त्यांनी कापड दोन बोटांत धरलं. "अंगावर आहे असं वाटतच नाही. सुरांग, हा तोच ना? पाणी सांडलेला?"

"तोच, मॅडम."

"मग आपण हा का नाही घेतला?"

सुरांगनं पडदा सारून डोकावणाऱ्या चलेर्मसाहेबांकडे पाहिलं. चलेर्मसाहेबांनी मालिवानकडे. मालिवाननं बाहेर पाहिलं, जिथे प्रांतपालांच्या गाडीचा भोंगा वाजत होता. नगराध्यक्षा उठून बसल्या आणि सुरांगचा हात धरला. "मी लक्ष घालते," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. सुरांगच्याही.

बाहेर फोटो निघाला. नगराध्यक्षा नव्हत्या, बाकी सर्व आले होते. रांग सरळ आली.


धुण्याच्या सूचना

सोमवारी तातडीची बैठक झाली. यंत्र बावीसवर होतं.

चलेर्मसाहेबांनी नवा ठराव वाचून दाखवला. उन्हाचा धोका लक्षात घेता, समारंभानिमित्त उन्हात उभं राहावं लागणाऱ्या अधिकारी व कचेरी कर्मचाऱ्यांसाठी नमुना क्रमांक तीनच्या कापडाचे अठरा शर्ट तातडीनं घ्यावेत. रंगाचा वाद टाळण्यासाठी प्रत्येकाला आपापल्या वाराला मानवेल असा रंग द्यावा. वापरात न राहिलेले अठरा तपकिरी शर्ट वाया न घालवता बाहेरच्या कामगारांना जादा म्हणून वाटावेत.

"आणि बाहेरचे चाळीस?" सुरांगनं विचारलं.

"त्यांना सवय आहे गं," नगराध्यक्षा म्हणाल्या. त्या कौतुकानं म्हणाल्या. "मी पाहिलं ना त्या दिवशी. एकही पडला नाही. तुझा नवरा तर धावला."

ठराव सर्वानुमते झाला. भांडारपालांनी कापडाची योग्य पारख केल्याबद्दल अभिनंदनाचा वेगळा ठराव झाला. शेवटी, येणारा माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे तपासता यावं म्हणून नमुना क्रमांक तीन स्वच्छ धुऊन फायलीला जोडण्याचं ठरलं. जबाबदारी: भांडारपाल.

संध्याकाळी प्रजुआप कामावरून आला. सुरांगनं हात पुढे केला.  गल्लीत बातमी तिच्याआधी पोचली होती. त्यानं शर्ट डोक्यातून काढून दिला. तिनं धुतला, पिळला नाही, तसाच घरामागच्या दोरीवर टाकला.

खाटेवर घडी घातलेले दोन तपकिरी शर्ट होते.

"दोन मिळाले," तो म्हणाला. "बढतीच झाली."

"उद्या डबा देऊ का?"

"दे की. कुत्री उपाशी आहेत."

ती दोरीपाशी उभी राहिली. उघड्या अंगानं तो मागे आला. "किती वेळ लागेल?"

"नऊ मिनिटं."

त्यानं स्टूल ओढलं आणि बरोबर शर्टाखाली ठेवून बसला, मान खाली घालून. वरून गार थेंब त्याच्या मानेवर, पाठीवर पडू लागले. त्यानं डोळे मिटले.

"मग नऊ मिनिटं बसतो," तो म्हणाला.

कापड खरंच उत्तम होतं. चौथ्या मिनिटाला थेंब थांबले.