प्रोसेसरला चिंच

बैल, बियाणं आणि जावई, या तीन गोष्टी पारखण्यात आपला हात धरणारा अख्ख्या वेल्हे तालुक्यात कोणी नाही, असं मार्गासनीचा सोमनाथ उघड सांगायचा. जावई त्याला अजून एकही झालेला नव्हता. पण आलेली चार स्थळं त्याने चहा निवायच्या आत परत पाठवली होती, आणि हाही अनुभवच.

त्यामुळे लेकीच्या कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने फोनवर छातीठोक सांगून टाकलं, "तू कशाला हेलपाटा घालतीस? म्या आणतो. बैलाचं दात बघून आणणारा माणूस हाय म्या."

"आबा, प्रोसेसरला दात नसतात," राजनंदिनी म्हणाली.

"मग तर सोपंच झालं."

राजनंदिनी पुण्यात एका कंपनीत कामाला होती. कॉम्प्युटरवर जे खेळ खेळतात, त्यातले डोंगर, झाडं, किल्ले ती तयार करायची आणि मग खेळ चालवून बघायची. आता कंपनी बेंगळुरूला चालली होती. ज्याला घरून काम करायचंय त्याने स्वतःचं दमदार मशिन घ्यावं, सोमवारी कंपनी ते लांबूनच तपासणार. मशिन कसोटीला उतरलं तर घरून काम, नाहीतर बेंगळुरू.

बाळाबाईला जाऊन सात महिने झाले होते. बायको गेल्यापासून घरात दिवसभर घड्याळाचा आवाज यायचा. हे घड्याळ एवढं वाजतं हे सोमनाथला तीस वर्षांत कळलं नव्हतं. लेक पुण्याहून रविवारी तरी यायची. बेंगळुरूहून रविवारी कोण येतं? ती घरी राहावी एवढंच त्याला हवं होतं, आणि ते सगळं आता एका प्रोसेसरवर येऊन ठेपलं होतं.

शुक्रवारी दोन एसट्या बदलून तो भोरला प्रद्युम्नच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोचला. लेकीने यादी लिहून दिली होती. प्रोसेसरपुढे मात्र तिने दोन नावं लिहून प्रश्नचिन्ह काढलं होतं.

प्रद्युम्नने दोन डबे काउंटरवर मांडले. "काका, हा आठ कोरचा. गेम पळवायला याच्यासारखा नाही, कारण याला कॅश मोठी आहे. आणि हा सोळा कोरचा. चित्रं, व्हिडिओ, असली जड कामं यानेच करावीत."

"कोर म्हंजी?"

"कामगार समजा."

"आन क्याश?"

"कामगाराच्या हाताशी ठेवलेला माल. दर वेळी लांब गोदामात जायला नको."

सोमनाथने डोळे मिटले. त्याच्यापुढे भाताची लावणी उभी राहिली. वावरात सोळा बाया उतरवल्या तरी रोपाची मूठ हाताशी नसेल तर काय उपयोग? बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि सुनांच्या कागाळ्या करतात. बाळाबाई आधीच वावरभर मुठी अशा फेकून ठेवायची की एकीलाही पाठ सरळ करायला सवड मिळू नये. बाया तिला शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यांदा तिच्याच वावरात यायच्या. पण हेही खरं, की पाऊस तोंडावर असला तर आठ बायांनी भागत नाही.

त्याने डोळे उघडले. "सोळा बाया बी आन हाताशी मूठ बी, असा न्हाई का?"

प्रद्युम्न बघतच राहिला. मग मागच्या कपाटातून त्याने तिसरा डबा काढला. "हा. सगळ्यात वरचा. पुण्याची पोरं दोन-दोन महिने व्हिडिओ बघून इथवर येतात, काका."

"तापट हाय का?"

"तापतो थोडा. मोठा कूलर लागेल."

"लागणारच. सोळा बाया हायत."

यादीतल्या बाकी सामानासकट खोकी मांडीवर घेऊन तो एसटीतून परतला तेव्हा त्याला वाटत होतं, आता ही गोष्ट बाळाबाईला सांगावी. नसरापूरपर्यंत त्याने ती मनात नीट जुळवलीसुद्धा. नसरापूरला गाडी बदलताना त्याच्या लक्षात आलं.

राजनंदिनी शनिवारी संध्याकाळी येऊन सगळं जोडणार होती. खोक्यांना हात लावू नका, असं तिने तीनदा बजावलं होतं. सोमनाथही हात लावणार नव्हता. पण सकाळी त्याला आठवलं, की या घरात नवी वस्तू पूजेशिवाय कधी वापरली गेली नाही. पाण्याची मोटर आली, मिक्सर आला, अगदी गॅसची नळी बदलली तेव्हाही बाळाबाईने कुंकू लावलं होतं. सोमनाथ हसायचा. ती म्हणायची, "हसा. जे बसवायचं त्याच्या बैठकीला आधी कुंकू, मग त्याला."

आता बैठकीला कुंकू कोण लावणार?

त्याने देवळीतला तिचा करंडा काढला. सात महिने तो कोणी उघडला नव्हता. आतलं कुंकू पार कोरडं पडलं होतं. ती त्यात तेल घालून कालवायची हे त्याला माहीत होतं, किती घालायची ते माहीत नव्हतं. त्याने पळीभर घातलं.

मोठ्या खोक्यात हिरवट पाट निघाला, प्रोसेसर बसवायचा बोर्ड. त्याच्या मधोमध चौकोनी खाच, वर काळं झाकण. हीच बैठक. झाकण काढलं तर आत हजारभर सोनेरी टोकं, भाताचं रोप तरारून आल्यासारखी. सोमनाथला बरं वाटलं. त्याने बोट बुडवलं आणि बैठकीला टेकवलं. मग प्रोसेसरला खालून एक आणि वरून एक.

तेल खाली उतरू लागलं. बैठकीत लाल डबकं झालं.

तेवढ्यात शेजारची धोंडाबाई ताक द्यायला आली. तिने वाकून पाहिलं. "आरं सोमा, कुंकू लावलंयस का डाळीला फोडणी दिलीयास?"

"वघळलं, मावशी."

"मग पूस की. सोन्याचं दिसतंय. देवाचं टाक घासतो तशी चिंच लाव, लख्ख हुईल."

सोमनाथने प्रोसेसरला चिंचेचा कोळ लावला, नळाखाली धुतला आणि उन्हात सुपात ठेवला. बैठक मात्र त्याने धुतली नाही. विजेच्या वस्तूत पाणी घालू नये एवढं त्याला कळत होतं. ती त्याने धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली, चांगली दाबून, गोल गोल. फडकं दोनदा कशात तरी अडकलं. त्याने ओढून काढलं. नंतर पाहिलं तर रोपात रेडकू लोळून गेल्यासारखं दिसत होतं.

त्याने भोरला फोन लावला. "प्रद्युम्न, त्ये पुसलं तर चालतं का?"

"कशाने पुसलंत, काका?"

"फडक्यानं. पर त्याच्या आधी चिंच."

मग प्रद्युम्न म्हणाला, "काका, वॉरंटीत चिंच बसत नाही. आणि दुसरा बोर्ड आठ दिवसांनी येईल."

सोमवार परवावर आला होता.

राजनंदिनी संध्याकाळच्या गाडीने उतरली. अंगणात येऊन सुपापाशी थांबली.

"आबा, हा सुपात काय करतोय?"

"वाळतोय."

तिने तो उचलला आणि वास घेतला. आत जाऊन मोबाईलच्या उजेडात बोर्ड पाहिला. कडेला अजून कुंकू होतं.

"कुंकू कुणी लावलं?"

"म्या. तुझी आय लावायची, म्हणून."

"तेल केवढं घातलंत," ती म्हणाली. "आय टिपूसभर घालायची." आणि खाली बसून रडू लागली. आई गेली तेव्हा पाहुण्यांचा चहा करण्यात तिचे तेरा दिवस गेले होते. तेव्हा ती रडलेली कोणी पाहिली नव्हती.

सोमनाथला वाटलं, प्रोसेसरसाठी रडतेय. तो म्हणाला, "रडू नगं. दुसरा आणू."

त्यावर ती आणखीच रडली.

रविवारी दिवसभर ती ओसरीवर बोर्ड घेऊन बसली. बापाचा चष्मा डोळ्यांवर, हातात गोधडी शिवायची सुई. वाकलेलं एकेक टोक ती उभं करत होती. सोमनाथने बॅटरी धरली होती.

"हलू नका, आबा."

"हलत न्हाई."

"श्वास हळू घ्या."

"किती ऱ्हायली?"

"साठ-सत्तर."

"लावणीला बाया बोलवू का?"

ती हसली आणि सुई घसरली. एक टोक तुटलं. त्यानंतर सोमनाथ अंधार पडेपर्यंत बोलला नाही.

दिवेलागणीनंतर मशिन चालू झालं. सोळाच्या सोळा कोर दिसले. मेमरी मात्र अर्धीच दिसत होती.

"अर्धी कुठं गेली?" सोमनाथने विचारलं.

"आत आहे. पण त्या बाजूची वाट तुटलीये. तिथवर पोचता येत नाही."

"चालंल का?"

"हळू चालंल."

सोमवारी दहाला तपासणी सुरू झाली. विजेचा दाब पडू नये म्हणून सोमनाथने फ्रिज बंद केला, आजूबाजूच्या तीन घरच्या पाण्याच्या मोटारी बंद ठेवायला लावल्या, आणि गिरणीवाल्याला सांगितलं, की पोरीची परीक्षा आहे, चारपर्यंत दळण नको. गिरणीपुढे बाया डबे घेऊन ताटकळल्या. त्या सगळ्या मग सोमनाथच्या अंगणात येऊन बसल्या आणि परीक्षा कसली ते विचारू लागल्या. त्याने सांगितलं. कोणालाच कळलं नाही, पण कोणी उठलंही नाही.

चार वाजता राजनंदिनी बाहेर आली. "झालं. हळू आहे म्हणाले. पण चालेल म्हणाले."

बाया दळणाला गेल्या. बापलेक ओसरीवर बसले.

"आबा, एवढा सोळाचा कशाला आणला? मला आठचा पुरला असता."

"तुझ्या नोकरीचा सवाल हुता."

"नोकरी राहो न राहो, मी बेंगळुरूला जाणारच नव्हते. शुक्रवारीच कंपनीला कळवलंय."

सोमनाथने तिच्याकडे पाहिलं. "मग बोलली का न्हाईस?"

"म्हटलं, आबा 'घरी ऱ्हा' म्हणतील, मग सांगू. तुमी कोरच मोजत बसला."

"असलं बोलायचं काम तुझ्या आयकडं असायचं," सोमनाथ म्हणाला.

ती म्हणाली, "आता कोण बोलणार?"

सोमनाथने घसा साफ केला. बैलाच्या बाजारात तो भल्याभल्यांना बोलण्यात हरवत असे. त्याने पुन्हा घसा साफ केला. मग उठून टोपी घातली.

"म्हशीला पाणी दाखवून येतो," तो म्हणाला.

म्हशीचं पाणी तासाभरापूर्वीच झालं होतं. म्हशीने बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून वैरण खाऊ लागली. सोमनाथ बादली धरून तसाच उभा राहिला, बराच वेळ.