अप्पांचा खांदा

आमच्या शेजारचे अप्पा कुठलीबी वस्तू एकच म्हणून घेत न्हाईत. झाडू घ्यायचा तर दोन आणणार, अर्धं अंगण एकानं झाडणार, अर्धं दुसऱ्यानं, मग एक परत! अहमदपुरात कापडाचं दुकान हाय त्यांचं. गिऱ्हाइकाला एकच सांगतेत, "खांद्यावर टाकून बघा, मग बोला." घरात एकटेच. माझी चिमी दीड वर्षाची, माझ्या भाकरी होईस्तोर रोज त्यांच्याच खांद्यावर.

तर हे अप्पा लातूरहून आले अन् नळावर चार बायका पाणी भरून राहिल्या तिथं मोठ्यानं म्हणले, "पुरुषाचं हार्मोन कमी निघालं माझ्यात! दोनदा रक्त तपासलं!"

अगं बाई! मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई तर घागर तशीच टाकून घरात पळाल्या.

अप्पांना त्याचं काय! "गिऱ्हाईक समोर अन् मी पेंगून राहिलो, असा थकवा. औषधं दोन हायेत. जेल रोज खांद्याला चोळायचं, त्याचा गुण रोज सारखा. सुई दोन-तीन आठवड्याला, पण मधी चढ-उतार व्हतेत म्हणे."

"मग सुईच बरी की, रोजची कटकट न्हाई," मी खाली बघूनच बोलले.

"सुई नको!" रक्त घेताना त्यांना दोघांनी धरलं व्हतं म्हणे. आणलं जेल.

दुसऱ्या दिवशी चिमीनं हात पसरले, तर अप्पा बाजंच्या पलीकडं पळाले. "लांब! लांब घे तिला! हे कातडीवरून लेकराला लागतंय, डॉक्टरनं लई बजावलंय." रोज तसंच. पोरगी रडायची, अप्पा सदऱ्याची वरची गुंडी लावून पलीकडं तोंड करून बसायचे.

अन् एका सकाळी मी बघते तर चिमी त्यांच्या वट्यावर, अप्पांचा पंचा तोंडात! खांदा पुसलेला पंचा! पंचा ओढून फेकला. पोरीला उचललं अन् चप्पल न घालता दवाखान्याकडं पळत सुटले. "हिला दाढी यील का हो, डॉक्टर?" रडत रडत हेच इचारलं मी. डॉक्टरीणबाई हसल्या न्हाईत. पोरीला नीट तपासलं, म्हणल्या, "एकदा एवढ्यानं काही होत नाही. रोज लागलं तर वाईट. पुन्हा लागू देऊ नका."

बाहेर आले तर पायरीवर अप्पा. तेबी अनवाणी.

मग चार दिवस मीच पोरीला बाहेर सोडलं न्हाई. त्यांच्याबी दाराला आतून कडी.

पाचव्या दिवशी अप्पा लातूरहून आले. लंगडत. बाजंवर बसले तेबी एका अंगावर कलून.

"काय झालं, अप्पा?"

"सुई घेतली," म्हणले. "जेल बंद. डॉक्टरला इचारून आलो, सुईचं कुणाला लागत न्हाई. पंचे सगळे धुतले. सदरे धुतले. खांदा तर चारदा घासला."

"अन् दुखलं?"

"लई!" डोळ्यात पाणी व्हतं. मग दुकानातला कोरा पंचा उलगडला, खांद्यावर टाकला अन् माझ्याकडं न बघता म्हणले, "भ्या वाटत नसंल तर... आण पोरीला. टाकून बघ."