सेकंडहँड स्पीकर आणि पस्तीस किलो पापड

एखाद्या माणसाने घरात गाणी नीट ऐकू यावीत म्हणून एक जुना अँप्लिफायर घ्यायचं ठरवलं, तर त्यात अख्खी आळी रिकामी होण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

त्याचं असं झालं. माझा मेहुणा साईराज पेणला राहतो. फेब्रुवारीत त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणानंतर त्याने मोबाइलवरून एक गाणं लावलं आणि ते कोपऱ्यातल्या हाय-फायमधून वाजायला लागलं. ते गाणं मी तीस वर्षं ऐकतोय. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी मागे कुणीतरी घुंगरू वाजवतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी दचकून मागे वळून पाहिलं. (मागे सासूबाई ताक घेऊन उभ्या होत्या. घुंगरू त्यांच्याकडे नव्हतं.)

झालं, मला झोप लागेना. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला क्लार्क आहे. दिवसभर बंद ड्रम मोजायचे आणि आत काय आहे ते उघडून बघायचं नाही, ही माझी नोकरी. त्यामुळे घरी आल्यावर जिथे झाकण दिसेल तिथे स्क्रू ड्रायव्हर घालायची मला खोड आहे. तीस वर्षांत गाण्यांनी माझ्यापासून आणखी काय काय लपवलं असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

बायकोला, म्हणजे नूतनला, मी बेत सांगितला.

"आपल्याकडे टीव्ही आहे, रेडिओ आहे, दोन मोबाइल आहेत आणि शेजारी काशीबाई आहेत," ती म्हणाली. "आवाजाची कमी कुठे आहे?"

पण नाही म्हणाली नाही. फक्त एक अट घातली. तिच्या बचत गटाला पुण्याच्या एका दुकानाची पोह्याच्या पापडांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. पस्तीस किलो, सोमवारी सकाळी टेम्पो न्यायला येणार. माल वेळेत आणि चांगला गेला तर वर्षभराचं काम, नाही तर दुकानदाराकडे दुसरे गट रांगेत उभेच होते. शब्द नूतनने दिला होता. "रविवारी अंगणात शेवटचे पापड लाटायचेत," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या कामात लुडबुड केलीत तर बघा."

मी लुडबुड करणाऱ्यातला आहे का?

अँप्लिफायर पेणला पुंडलिकशेठच्या गणपतीच्या कारखान्यात मिळाला. रंगकाम करणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून तो तिथे पंधरा वर्षं वाजत होता. त्याच्या बटणांवर सोवळ्याचा पिवळा आणि कमळाचा गुलाबी असे दोन्ही रंग होते. घरी आणून उघडला तर आत मूठभर शाडूची माती आणि एक अर्धवट रंगवलेला उंदीर निघाला. उंदीर मी देवघरात ठेवला आणि झाकण लावलं. (दोन स्क्रू उरले. ते नेहमीच उरतात.)

स्पीकरसाठी गडब गावात हिरामणकडे गेलो. त्याचा साउंड सर्व्हिसचा धंदा. जुने स्पीकर तो स्वस्तात काढत होता.

"किती मानसांसाठी?" त्याने विचारलं.

"दोघांसाठी. म्हणजे बायको काही ऐकायची नाही. एकासाठी."

हिरामणने माझ्याकडे फार कळवळून पाहिलं. आमच्याकडे हळदीला जेवण एखादं कमी पडलं तर चालतं, आवाज कमी पडून चालत नाही. त्याच्याकडे एका माणसाचा स्पीकर नव्हताच. सगळ्यात लहान जोडी होती ती दीडशे माणसांची. ती त्याच्या टेम्पोतून शनिवारी दारात उतरली, तेव्हा आळी गोळा झाली.

"हळद कुनाची रे दत्ता?" काशीबाई म्हणाल्या. "पोराचं जमलं आनि सांगितलंस पन नाय?"

मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि लग्नाचं नाव काढलं की त्याची रेंज जाते. पण हे सांगूनही संध्याकाळपर्यंत दोघीजणी तारीख विचारून गेल्या.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी. तीन महिन्यांपूर्वी कंपनीने आमच्या आळीला प्रशिक्षण दिलं होतं. सेफ्टी ऑफिसर रजेवर होते, म्हणून "तुम्ही तिथलेच ना?" असं म्हणून मला उभं केलं. कंपनीचा भोंगा वरखाली होत वाजला तर गॅस गळतोय असं समजायचं. चूल बंद, दारं-खिडक्या बंद, ओला रुमाल नाकावर आणि वाऱ्याला आडवं चालत शाळेच्या पटांगणात जमायचं. मी पाऊण तास बोललो. शेवटी काही शंका आहेत का विचारलं, तर काशीबाईंनी दुसरा वडापाव मिळेल का, एवढंच विचारलं. कुणीही काहीही ऐकलेलं नाही अशी माझी खात्री झाली होती.

रविवारी सकाळी अंगणात नऊ बायका पोळपाट मांडून बसल्या. बाहेरच्या खोलीत मी. आमच्या घरात इंटरनेट फक्त खिडकीच्या कठड्यावर येतं, म्हणून जुना मोबाइल तिथे ठेवला आणि त्याची वायर अँप्लिफायरला जोडली. साईराजने फोनवर बजावलं होतं, "दाजी, एकदम गाणं लावू नका. आधी टेस्टचा ट्रॅक लावा. त्यात बारीक-मोठा सूर येतो, स्पीकर कुठे कमी पडतोय ते कळतं."

लावला. मोबाइलवर गोल चकरी फिरायला लागली. आवाज नाही. मी बटण थोडं फिरवलं. नाही. आणखी फिरवलं. शेवटी बटण पिरगाळून टोकाला नेलं तरी नाही. उरलेले दोन स्क्रू महत्त्वाचे असावेत, असं मनाशी ठरवून मी दुसरी वायर शोधायला मागच्या पडवीत गेलो.

वायरींचा गुंता सोडवत बसलो होतो, तेवढ्यात भोंगा वाजला.

वर चढत गेला, खाली आला, पुन्हा वर. खोटं कशाला सांगू, हातातल्या वायरी मी तिथेच टाकल्या. तीन महिन्यांपूर्वी मी पाऊण तास ज्याच्याविषयी बोललो, तो हा. मागच्या दाराने वळसा घालून अंगणात आलो. नऊ पोळपाट, नऊ लाटणी, माणूस एकही नाही. चूल विझवलेली. समोरच्या घरांच्या खिडक्या बंद. त्या क्षणीसुद्धा मला किंचित अभिमान वाटला.

खांद्यावरचा टॉवेल समोरच्या पातेल्यात बुचकळला, नाकावर दाबला आणि पळत सुटलो. दहा पावलांत डोळ्यांतून धारा लागल्या, नाक पेटलं, घशाला ठसका बसला. गॅस पोचला! मी शाळेकडे धावताना मोठमोठ्याने ओरडत होतो, "गॅस! गॅस!" आणि त्यामुळे जे दोघे-तिघे अजून घरात रेंगाळत होते तेही बाहेर पडले.

पटांगणात सगळी आळी ओले रुमाल लावून उभी होती. मला बघताच नूतन धावत आली आणि माझे दोन्ही दंड तिने घट्ट धरले. "आत हाका मारल्या मी! तुम्ही नव्हतात! मला वाटलं..." आणि ती रडायलाच लागली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्यासाठी तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. (हे सांगायला नको, पण वाटलं.)

"लागला गो याला ग्यास!" काशीबाई म्हणाल्या. "डोलं बघ कसं लाल झालंत."

मी खोकत खोकत सूत्रं हातात घेतली. माणसं मोजली. मग कंपनीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन गणेशने उचलला.

"भोंगा? नाय साहेब. इथं काय नाय झालं."

"मला दोन किलोमीटरवर ऐकू येतोय आणि तुम्हाला तिथे उभं राहून नाही? तुमचं नाव वर कळवतो!"

तेवढ्यात भोंगा थांबला. पटांगण चिडीचूप झालं. आणि आळीच्या दिशेने, साऱ्या शिवारात घुमेल अशा आवाजात एक बाई इंग्रजीत म्हणाली, "लेफ्ट."

सगळ्यांनी आळीकडे माना वळवल्या.

"राइट," बाई म्हणाली.

"कंपनीनं बाई कवा बसवली?" काशीबाईंनी मला विचारलं.

"रस्ता सांगतेय व्हय ती," गटातली अनिता म्हणाली आणि चार माणसं खरंच उजवीकडे सरकली.

नूतन मात्र सरकली नाही. तिने माझे दंड सोडले, माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि हुंगला. "हे पापडाच्या पिठाचं पाणी आहे," ती शांतपणे म्हणाली. "मिरची आणि पापडखार घातलेलं."

मोबाइलची चकरी थांबून साईराजचा टेस्ट ट्रॅक टोकाच्या आवाजात सुरू झाला होता. परत येताना माझ्या बाजूने कुणी चालत नव्हतं. अंगणात काशीबाईंची शेळी चादरीवर उभी राहून पापड खात होती. तिने शेवटची रांग संपवत आणली होती. त्याहून वाईट म्हणजे उघड्यावर राहिलेलं सगळं पीठ एप्रिलच्या उन्हात सुकून चिरा पडून बसलं होतं. निदान बारा किलोंचं. नूतन पोळपाटासमोर बसली आणि त्या पिठाकडे बघत राहिली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी शब्द दिला होता," एवढंच ती म्हणाली, तेही माझ्याकडे न बघता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काशीबाईंनी पिठाचा गोळा दाबून बघितला. "मेलं नाय गो. तेलाचा हात लावून परत कुटलं की येतंय वळणावर. पन मगाशी दोघी कुटीत होत्या, त्यांचं हात गेलंत. आता कुटनार कोन?"

सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. मी मुसळ उचललं.

बाकीचं श्रेय आळीला द्यायला हवं. दारं बंद करून सगळे बाहेर पडलेच होते, आणि बोलणारा भोंगा बघितल्याशिवाय घरी जायची कुणाची तयारी नव्हती. मग ज्याला जे जमेल ते त्याने हातात घेतलं. शिफ्टवरून आलेल्या, शेजारच्या आदेशने लाट्या केल्या, पुरुषांनी पोळपाट धरले, काहींचे पापड गोल होते, काहींचे रायगड जिल्ह्याच्या नकाशासारखे झाले आणि ते नूतनने पुन्हा गोळा करून मला कुटायला दिले. दुपारी दोनपर्यंत चादरी पुन्हा भरत आल्या. पस्तीस किलो होणार, हे नूतनच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं.

"आणलाच आहे तर लावा एखादं गाणं," ती म्हणाली. त्या 'शब्द दिला होता'नंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

मी आवाज बेताचा ठेवून माझं आवडतं गाणं लावलं आणि परत मुसळ धरलं. लाटणी हळू झाली. बायका बोलायच्या थांबल्या, हे आमच्या अंगणात प्रथमच घडलं. शेवटच्या घाण्याचं पीठ दगडासारखं होतं. मी डोळे मिटून, दात-ओठ खाऊन कुटत होतो. बऱ्याच वेळाने काशीबाईंनी मान कलती करून कान दिला.

"लय दमलाय गो गानारा," त्या हळूच म्हणाल्या. "क्येवढ्या धापा टाकतोय. सगलं ऐकू येतंय बघ."

माझा ऊर भरून आला. पेणपासून गडबपर्यंत केलेली वणवण, पटांगणात गेलेली अब्रू, सगळ्याचं सार्थक झालं. मी नूतनकडे वळलो. "ऐकलंस? गायकाचा श्वाससुद्धा! याला म्हणतात हाय-फाय!"

नूतनने लाटीवरून नजर उचलली नाही.

"गाणं बंद पडून दहा मिनिटं झाली. रेंज गेलीय," ती म्हणाली. "त्या तुमच्याच धापा आहेत. कुटा."