समोरच्या नानांचं ऊन

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी गच्चीवर जातात. पाणी नंतर, चहा नंतर, घरातला आजारी माणूस त्याच्याही नंतर. मला कावीळ झाली तेव्हा भेटायला आले, चपला काढल्या आणि सरळ जिना चढले. बऱ्याच वेळाने उशाशी येऊन बसले. मला वाटलं, आता डोळे बघतील, जीभ बघतील. म्हणाले, "सुभाष, तुझी टाकी सरकव. दुपारी सावली पाडते."

पारोळ्यात हा माणूस माझ्या समोर राहतो. साक्रीकडे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला आणि गल्लीने मिळून सौर विजेची सहकारी संस्था काढायचं खूळ घेऊन बसला. ज्याच्या छपरावर ऊन चांगलं तिथे पॅनेल. वीज सगळ्यांची, मालकीही सगळ्यांची. "ऊन बठ्ठासनं शे," म्हणजे ऊन सगळ्यांचं आहे, हे त्यांचं पालुपद.

माझं दुकान इन्व्हर्टरचं. सायकलला दुरुस्तीच्या जळक्या पंपमोटारी बांधून खेडोपाडी फिरलो, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. वीज जाते म्हणून माझी चूल पेटते. आणि हे गृहस्थ माझ्याच दारात खुर्च्या मांडून लोकांना सांगणार, "घरोघर इन्व्हर्टर कशाला? मिळून एक मोठी बॅटरी घेऊ!" खुर्च्याही माझ्याच.

प्रशिक्षणाला यांना कुठलीही जागा चालते. एका दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे ताटकळलेले. नाना उठले. "कावळा येईस्तोवर सहकाराचं थोडं सांगतो." पहिलं वाक्य संपायच्या आत कावळा शिवला. गल्ली अजून म्हणते, मेलेल्यालासुद्धा ते व्याख्यान नको होतं.

धुळ्याला पॅनेलचा भाव करायला मलाच नेलं. "तुझ्यासारखा भांडखोर संस्थेला पाहिजे." भाव करायचा म्हटलं की माझं डोकं चालत नाही, तोंड चालतं. रागाने दुकानाची पायरी उतरलो, व्यापाऱ्याने परत बोलावलं. पुन्हा उतरलो, पुन्हा बोलावलं. भाव असा पाडला की व्यापाऱ्याने चहासुद्धा विचारला नाही. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, मी माझ्याच धंद्यावर कुऱ्हाड घालून आलोय. नाना खिडकीतून लोकांची छपरं बघत होते.

दुकानावरचा पत्रा मात्र मी पॅनेलसाठी दिला नाही. म्हटलं, तेवढं तरी माझं राहू दे.

शेवटची बैठक नानांच्याच गच्चीवर झाली. गल्लीतलं सगळ्यात चांगलं ऊन तिथलं. पण मधोमध एक जुनी खाट, आणि तिच्याभोवती नानांनी खडूने चौकोन आखलेला. पॅनेल बसवणारी मुलगी म्हणाली, "एवढी जागा सुटली तर कोपऱ्यावरच्या घरांना वीज पुरणार नाही."

माझं डोकं फिरलं. "शेजारच्या अक्कांची तुळस हलवली, माझी टाकी हलवली, आणि तुमची मोडकी खाट हलत नाही? ऊन बठ्ठासनं शे ना, नाना?"

कावळ्यासमोर बोलणारा माणूस पायाने खडूची रेघ पुसायला लागला. मग म्हणाला, "चैत्रात लागते ती. पण बरोबर आहे तुझं. उचलतो."

मी तरातरा जिना उतरलो. मागून अक्का आल्या. "जिंकलास ना? अरे, नानांची बायको, आपल्या काकू, गेल्यापासून चैत्रात आम्ही बठ्ठ्या बायका त्या खाटेवर ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घालतो. नानाच दारोदार फिरून बोलावतात. तेवढे दिवस हा जिना वाजतो. एरवी इथे कोण चढतं रे?"

मी परत वर गेलो. नाना एकटेच खाट ओढत होते.

"राहू द्या ती तिथेच! माझा पत्रा घ्या. पण पावसात गळला ना, तर तुमचं काही खरं नाही!"

"गळणार नाही," नाना म्हणाले. "उतार दक्षिणेला आहे. मी केव्हाच मोजलाय."

केव्हाच! माझ्या पत्र्यावर, मला न विचारता!

पॅनेल लागली. दुकानात आता मी जास्त वेळ माश्या मारतो, आणि राग काही गेलेला नाही. चैत्रात बायको बिबड्यांच्या पिठाचं पातेलं घेऊन आमचा जिना चढायला लागली.

"समोर जा," मी म्हटलं.

"आपली गच्ची मोकळी आहे की!"

"आपल्याकडे टाकीची सावली पडते."

"टाकी तर कधीच सरकवलीत."

"पडते म्हटलं ना!" मी ओरडलो.